पुढच्या बाळासाठी

ब्रीद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी
नर्स ट्रे घेऊन आली, म्हणाली, कुशीवर वळा.
हे तुमच्यासाठी नाही हं, अट्रॅक्टा,
पुढच्या बाळासाठी.
माझं रक्त निगेटिव्ह, नवऱ्याचं पॉझिटिव्ह,
बाकी आमचं बरं जमायचं.
मी वळले.
सत्त्याहत्तरचा नोव्हेंबर. खिडकीखाली
कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं.
दुखलंसुद्धा नाही.

पुढचं बाळ म्हणजे फिअक्रा.

सोळा वर्षं मी थकलेली होते.
डॉक्टर म्हणायचे, तीन मुलं, वीस गाई,
आणि रॉसकॉमनची ही ओल. थकणारच.
मग एका फेब्रुवारीत बटाटे सोलता सोलता
रेडिओवर ऐकलं, त्या इंजेक्शनमधून काय आलं असेल ते.
डब्लिनचा माणूस सावकाश बोलत होता,
घाबरू नका म्हणणारे बोलतात तसा.
माझं बोट कापलेलं नव्हतं. नीट पाहिलं, दिव्याखाली.
तरी ते सगळे बटाटे मी डुकरांना घातले
आणि रात्री पाव खाल्ला सगळ्यांनी.

माझा निकाल आला त्या रात्री
चुलीतला पीट विझेपर्यंत बसून
मागचा हिशोब काढला.
तो चार वर्षांचा, तळहातात ब्लॅकथॉर्नचा काटा,
सुई सापडेना म्हणून दातांनी ओढला मी.
तेव्हा हिरड्यांतून रक्त यायचं का माझ्या?
पहिल्या कम्युनियनच्या सकाळी
माझ्याच कात्रीनं त्याची नखं काढली,
करंगळीला जरा लागलं. तो ओरडला नाही,
नवे बूट घातले होते ना.
आणि या सगळ्याआधीचे नऊ महिने.
तिथे तर हात मागे घ्यायची सोयच नव्हती,
एकाच ताटात जेवत होतो आम्ही.

टूथब्रश वरच्या खोलीत नेला, शिवणाच्या डब्यात ठेवला.
आई, चोर येणार आहेत का, त्यानं विचारलं.
माझ्या बशीतला अर्धा टोस्ट तो रोज उचलतो.
बुधवारी मी बशी ओढून घेतली.
टोस्टनं काही होत नाही, सांगितलंय त्यांनी,
मला पाठ आहे ते.
हाताला पाठ नव्हतं.

स्लायगोच्या दवाखान्यात लांब बोळ, भिंतीलगत खुर्च्या.
सगळ्या माझ्याच वयाच्या, सगळ्यांशेजारी पोरं.
कुणी कुणाकडे बघत नव्हतं, मिस्सेला उशिरा आल्यासारखं.
बालिनाची कन्सेप्टा तेवढी बोलली.
चौघांना आणलंय, म्हणाली, शाळेची तपासणी आहे असं सांगून.
मोठीला कळलंय.
ती आता धाकट्यांना तेच पटवून देतेय.

आत नर्स म्हणाली, आईनं बाहेर थांबलं तरी चालेल.
राहू दे तिला, तो म्हणाला.
शाळेचा स्वेटर वर सारला. एवढी शीर कधी आली याच्या हाताला?
नळी भरत गेली, गडद, जांभळट.
तो सुईकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता,
आणि जन्मल्यापासून सगळे म्हणत आलेत ना,
पोरगा अगदी बापावर गेलाय,
ते नाक, ते कान, ती घोड्यासारखी मान,
आणि मला दरवेळी थोडं लागायचं ते,
तेच मी आता मागत होते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून:
सगळा त्याचाच हो.
माझ्यावर जाऊ नकोस, राजा, कशातच जाऊ नकोस.

तीन आठवडे लागतील म्हणाले. पत्र येईल.

गाडीत त्यानं चिप्सची पुडी फोडली,
कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा तसाच.
व्हिनेगर जास्त झालंय, म्हणाला,
आणि रस्त्यावर नजर ठेवून, मला न विचारता,
पुडी माझ्या बाजूला धरली.
कॉलूनीपर्यंत धरून होता.
तिथे मग मी एक घेतली.